दापोलीला शिकायला येताय? मग आधी पावसाची तयारी करा

दापोलीच्या कृषी विद्यापीठात नंबर लागला की घाटावरच्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: समुद्र किती लांब आहे? समुद्र कुठं पळून जात नाही. आधी पावसाचं बघा. प्रवेशाच्या फेऱ्या रेंगाळत पावसाळ्यातच संपतात, त्यामुळे नवी मुलं इथं पाऊल ठेवतात ती ऐन धारेत. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं हे गाव, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. जालन्याकडच्या मुलाच्या गावाला पाच वर्षांत जेवढा पडतो तेवढा इथं एका पावसाळ्यात. पहिल्या महिन्यात जी मुलं बॅग भरून परत जायच्या गोष्टी करतात, त्यातली निम्मी अभ्यासाला नव्हे, ओल्या कपड्यांना कंटाळलेली असतात. म्हणून हा लेख मी पावसाच्या बाजूनं लिहितोय. मी इथंच शिकलो आणि नंतर इथंच राहिलो, तेव्हा दरवर्षी नव्या बॅचला जे तोंडी सांगतो तेच इथं क्रमानं देतो.

पायरी पहिली: प्रवेश नक्की कुठं मिळाला ते वाचा

हे हसण्यावारी नेऊ नका. विद्यापीठाचं पूर्ण नाव डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ. स्थापना १८ मे १९७२ ची, पण दापोलीचं कृषी महाविद्यालय त्याहून जुनं, १९६५ चं. मुख्यालय दापोलीला असलं तरी विद्यापीठाचा पसारा पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आहे. दापोलीच्या आवारात कृषी, उद्यानविद्या, वनशास्त्र आणि कृषी अभियांत्रिकी. मत्स्यशास्त्राचं महाविद्यालय मात्र रत्नागिरीजवळ शिरगावला. उद्यानविद्येचं आणखी एक महाविद्यालय कुडाळ तालुक्यात मुळद्याला. काढणीपश्चात व्यवस्थापनाची पदव्युत्तर संस्था रोह्याजवळ किल्ल्याला. शिवाय संलग्न खासगी महाविद्यालयं पाचही जिल्ह्यांत विखुरलेली आहेत. वाटपपत्रावर विद्यापीठाचं नाव बघून थेट दापोलीची गाडी पकडणारा एखादा तरी दरवर्षी निघतोच, आणि त्याचं महाविद्यालय असतं भलत्याच तालुक्यात. महाविद्यालयाचं नाव, गाव आणि संकेतांक तिन्ही नीट वाचा.

कागदांचं सांगतो. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, सीईटीचं गुणपत्रक, अधिवास प्रमाणपत्र, आधार. लागू असेल तर जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि चालू वर्षाचं नॉन क्रिमीलेयर. घरी शेती असेल तर सातबारा आणि त्याबरोबर लागणारे दाखले. कृषी प्रवेशात सातबाऱ्याला किंमत आहे, पण नियम त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच वाचा, मोठ्या भावाच्या वेळी काय होतं त्यावर जाऊ नका. सगळ्याच्या झेरॉक्सचे चार संच घरूनच करून आणा. इथं झेरॉक्सची दुकानं भरपूर आहेत, पण लाईट गेली की सगळीच एकदम बंद. मूळ कागद प्लास्टिकच्या चेनच्या फोल्डरात ठेवा आणि तो फोल्डर बॅगेच्या मधोमध, कपड्यांच्या आत. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवलेला दाखला खेड ते दापोली या प्रवासात भिजतो, एसटीच्या आत बसूनसुद्धा.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरायचा असतो, तो पहिल्या महिन्यातच भरून टाका. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या दोन योजनांत तुम्ही बसता का ते बघा. बाहेर खोली करून राहणाऱ्या मुलांना दुसरीची माहितीच नसते. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र ऑनलाइन भरावं लागतं, तुमचं आणि पालकांचं. त्याचा राष्ट्रीय मदत क्रमांक १८००-१८०-५५२२. फोनमध्ये साठवून ठेवा, गरज पडू नये एवढीच इच्छा.

पायरी दुसरी: पोचायचं कसं

दापोलीला रेल्वे नाही. कोकण रेल्वेचं जवळचं स्टेशन खेड, तिथून दापोली तीसेक किलोमीटर. मांडवी, कोकणकन्या आणि दिवा-सावंतवाडी या गाड्या खेडला थांबतात. स्टेशनवरून रिक्षानं खेडच्या एसटी स्टँडला जायचं आणि तिथून दापोलीची गाडी. रात्री उशिरा उतरणारी गाडी निवडू नका. शेवटची एसटी चुकली तर खासगी गाडीवाला सांगेल तो आकडा द्यावा लागतो. कोल्हापूर-सांगलीकडून येणाऱ्यांनी कराडवरून कुंभार्ली घाटानं चिपळूण गाठावं. पुण्याहून ताम्हिणी घाटानं माणगाव आणि पुढे महाडवरून. वरंधा आणि आंबेनळी हे घाट नकाशात जवळचे दिसतात, पण पावसाळ्यात दरड कोसळून कधी बंद होतील त्याचा नेम नाही, आणि तुम्ही येणार पावसाळ्यातच. विदर्भातल्यांनी सरळ पनवेलपर्यंत यावं आणि तिथून कोकण रेल्वे धरावी.

एसटीत महिलांना तिकीट निम्मं आहे, मार्च २०२३ पासून. मुलींनी खासगी ट्रॅव्हल्सच्या मागं लागण्याआधी हा हिशेब करावा. प्रवासाला कंटाळलात तर एक गोष्ट ध्यानात असू द्या: शेजारच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे, म्हणजे पुढचे महर्षी, परीक्षेसाठी इथून साताऱ्यापर्यंत चालत गेले होते, आणि तिथं वय लहान दिसतं म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. त्या मानानं खेडची लालपरी फारच दयाळू.

पायरी तिसरी: राहायची जागा, आणि ती कशी बघायची

वसतिगृह मिळत असेल तर पहिलं वर्ष तिथंच काढा. ओळखी होतात, जुन्या नोट्स आणि जर्नलं मिळतात, पहाटेचं प्रात्यक्षिक चुकत नाही. सगळ्यांना मात्र जागा पुरत नाही. मग दापोली गाव, जालगाव, गिम्हवणे या पट्ट्यात खोल्या बघाव्या लागतात. जालगाव आणि गिम्हवणे गावाला चिकटून असले तरी त्यांच्या ग्रामपंचायती वेगळ्या आहेत आणि दापोलीची नगरपंचायत वेगळी. रहिवासाचा कागद कुणाकडून घ्यायचा ते यावर ठरतं. पिन कोड ४१५७१२. पत्त्यात ‘कॅम्प दापोली’ असं अजूनही लिहिलेलं दिसेल, ते चूक नव्हे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी इथं लष्करी छावणी वसवली, तिचं नाव गावाला चिकटून राहिलं. पुढं निवृत्त लष्करी लोकांची इथं वस्तीच झाली. सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर इथं येऊन राहिले होते, त्यामुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बालपणाचा काही काळ दापोलीत गेला. त्यांचं मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यात.

खोली बघायला दुपारी ऊन पडल्यावर जाऊ नका, भर पावसात जा. उन्हात सगळ्या खोल्या चांगल्या दिसतात. आत गेल्यावर भिंतीला तळहात लावा, विशेषतः दक्षिण आणि पश्चिमेकडच्या. पावसाची झड त्याच बाजूनं येते. गिलावा न केलेला जांभा दगड पाणी धरून ठेवतो, आणि हात ओला झाला तर गणपतीपर्यंत त्या भिंतीवर हिरवी-काळी नक्षी उठणार हे नक्की. छप्पर कौलारू असेल तर एखादं कौल सरकलंय का ते खालून उजेड दिसतो त्यावरून कळतं. पत्रा असेल तर रात्री पावसाच्या आवाजात फोनवर बोलणं होणार नाही, एवढं मान्य करून घ्या. पडवी आहे का ते बघा. पडवी म्हणजे कपडे वाळायची जागा, आणि कपडे वाळले तरच पावसाळा सुसह्य. कमी भाड्याची बिनपडवीची खोली महाग पडते असं माझं ठाम मत आहे.

घरमालकीणकाकूंना दोन गोष्टी विचारा. मे महिन्यात विहिरीला पाणी किती असतं, आणि लाईट गेल्यावर पंप कसा चालतो. एवढा पाऊस पडून एप्रिल-मेमध्ये पाण्याची ओढ कशी लागते हे घाटावरच्यांना कळत नाही. जांभ्याच्या जमिनीत पाणी थांबत नाही, उतारानं ते सरळ समुद्राला जातं. हेच गणित डोळ्यांसमोर ठेवून विद्यापीठानं कोकण विजय बंधारा काढला, ओढ्यातलेच दगडगोटे रचून पाणी अडवायची स्वस्त रीत; पहिल्या-दुसऱ्या वर्षात ती शिकालच. भाडेकरार लेखी करा आणि पोलीस ठाण्यात भाडेकरूची नोंद करायची तेव्हा घरमालक काकांना आठवण द्या. अनामत रक्कम परत कधी मिळणार तेही त्याच कागदावर लिहून घ्या. माझी अशीच एक अनामत अजून कुणाकडं तरी जमा आहे.

पायरी चौथी: पावसाचा सरंजाम

छत्री आणा, पण तिच्या भरवशावर राहू नका, वाऱ्यानं उलटते. पँट-शर्ट असा दोन तुकड्यांचा रेनकोट घ्या, आणि आवारातल्या शेतात काम करायला गुडघ्यापर्यंतचे गमबूट. ते इथल्या बाजारात मिळतात, घरून ओझं आणू नका. चामड्याचे बूट, चामड्याचा पट्टा, जीन्सच्या चार पँटी हे सगळं दिवाळीनंतर आणा. जीन एकदा भिजली की तीन दिवस वाळत नाही आणि चौथ्या दिवशी वास येतो. टेरिकॉटच्या पँटी, लवकर वाळणारे टी-शर्ट, पावसाळी सँडल एवढ्यावर भागतं.

खोलीत दोरी बांधताना पंख्याच्या खाली, दारापासून खिडकीपर्यंत तिरकी बांधा, म्हणजे वारा आरपार लागतो. कपडे दुहेरी टाकू नका, शर्ट हँगरला लावा. कपाटात पुस्तकं आणि कागद जिथं असतील तिथं जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब तासभर लावण्याची इथं रीत आहे. ओल जाते आणि बुरशी धरत नाही. बल्बला कापड किंवा कागद टेकत नाही ना ते बघा आणि बाहेर जाताना बंद करा. कापसाची गादी आणू नका, ओल धरून जड होते. लॅपटॉप रोज सुरू करा. आठवडाभर बॅगेत ठेवला तर नंतर रुसतो.

लाईट जाणारच. वादळी पावसात झाड तारेवर पडलं की महावितरणची माणसं त्याच पावसात जंगलातून चालत जाऊन ते काढतात, वेळ लागतो. लाईट गेली की थोड्या वेळानं मोबाइलचं नेटवर्कही जातं आणि मग फोनवरून पैसे देणंही बंद. पाचशे-सातशे रुपये रोख नेहमी जवळ ठेवा. बॅटरी आणि चार्ज केलेली पॉवर बँक उशाशी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडकडं नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात होती. तसं रोज होत नाही, पण वादळाचा इशारा आला की इथली माणसं तो मनावर का घेतात ते यावरून समजेल.

तब्येतीच्या दोन गोष्टी मात्र जरा सविस्तर.

पहिली लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार. भाताच्या चिखलणीत, लावणीत अनवाणी उतरावं लागतं. उंदरांच्या लघवीतून हा जंतू साचलेल्या पाण्यात येतो आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरतो. पायाला कापलं-खरचटलं असेल तर गमबूट घाला किंवा त्या दिवशी सरांना सांगून बांधावर राहा. शेतातून आल्यावर साबणानं पाय धुवा. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, असं काही दिसलं तर मेडिकलमधून गोळी घेऊन झोपू नका. उपजिल्हा रुग्णालयात जा आणि ‘मी भातशेतात काम केलंय’ हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा. त्या एका वाक्यानं निदान लवकर होतं.

दुसरी गोष्ट फुरसं. वीतभर-दीडवीतभर लांबीचा, मातकट रंगाचा हा साप जांभ्याच्या दगडांत, गवतात, लाकडाच्या ढिगात असतो. अंगाचं वेटोळं घासून करवतीसारखा खरखर आवाज करतो. लहान दिसतो म्हणून कुणी काठीनं डिवचायला जातं, ते करू नका. रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडायचं नाही, गमबूट घालण्याआधी उलटा करून झटकायचा, दगड उचलताना पलीकडून बोटं घालायची नाहीत. चावलाच तर पाय हलवू नका, आवळून बांधू नका, चिरू नका. १०८ ला फोन करा आणि जी गाडी आधी मिळेल तिनं रुग्णालय गाठा. मांत्रिकाकडं नेऊ बघणारा एखादा हितचिंतक भेटेल, त्याला गाडीत पुढं बसवा पण रस्ता रुग्णालयाचाच धरा.

आणि हो, स्वेटर आणा. दापोली समुद्रसपाटीपासून आठशेक फूट उंचावर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास, कधी त्याच्याही खाली उतरतो, आणि वर्तमानपत्रात येणारा तो आकडा विद्यापीठातच नोंदवलेला असतो. गावाला मिनी महाबळेश्वर म्हणतात ते हॉटेलवाल्यांनी काढलेलं नाही.

पायरी पाचवी: जेवण

मेसमध्ये भात मुख्य, चपात्या मोजून. ज्वारीच्या भाकरीची सवय असेल तर पहिला महिना अवघड जातो. तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी एकदा जिभेला लागली की सुटतं. मासे खात नसाल तर तसं आधीच सांगा. शाकाहारी ताटाला कुणी नाक मुरडत नाही, पण बुधवार, शुक्रवार, रविवार शेजारच्या ताटात बांगडा असणार. मेसचा महिना ठरवण्याआधी दोन-तीन ठिकाणी एकेक दिवस पैसे देऊन जेवा. मेसपेक्षा डबा लावणं मला बरं वाटतं. चार घरं फिरलात तर एखाद्या मावशींचं जेवण तुमच्या घरच्यासारखं निघतंच, आणि आजारी पडलात तर डब्यात न मागता पेज येते.

पावसाळ्यात रानभाज्या येतात: टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी. बाजारपेठेत रस्त्याच्या कडेला जुड्या लावून बसलेल्या बायकांकडं मिळतात. वनशास्त्राच्या आणि वनस्पतीशास्त्राच्या मुलांनी त्यांच्याशी गप्पा माराव्यात; हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, कुठल्या बांधावर काय मिळतं ते त्या नेमकं सांगतात. एक-दोन जुड्या मात्र विकत घ्या, फुकट माहिती काढू नका. मार्च-एप्रिलमध्ये ओले काजूगर येतात, त्यांचा भाव ऐकून दचकाल.

पायरी सहावी: आवार आणि गाव पायाखाली घालणं

गावात लक्षात ठेवायच्या खुणा थोड्याच: एसटी स्टँड, बाजारपेठ, केळस्कर नाका, बुरोंडी नाका, आझाद मैदान. रस्ता विचारला की नाक्यांच्याच हिशेबानं सांगतात. जवळच्या गावांना एसटी कमी असली तरी वडाप, म्हणजे माणशी पैसे घेणारी खासगी गाडी असते, भरल्याशिवाय सुटत नाही. दुकानदाराला काका, भाजीवालीला मावशी, रिक्षावाल्याला दादा म्हणून हाक मारा. ‘ओ भैया’ ऐकलं की भाव वाढतो. इथली बोली मालवणी नाही, तेव्हा मालवणी नाटकातले संवाद मारून आपलेपणा दाखवायला जाऊ नका. इथल्या मुसलमान वस्त्यांतही कोकणी बोलीच ऐकू येईल, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती कळायला वेळ लागतो.

विद्यापीठाचं आवार एका दिवसात बघून होत नाही. पहिल्या आठवड्यात वर्ग, ग्रंथालय आणि कचेरी सापडली की पुरे. दुसऱ्या आठवड्यापासून संध्याकाळी एकेका प्रक्षेत्राकडं चालत जा. आंब्याची बाग, काजू, मसाल्याची पिकं, भाताचे वाफे, रोपवाटिका. पुस्तकात जे नाव वाचाल त्याचं झाड इथं उभं असतं. रत्ना हा नीलम आणि हापूसचा संकर, १९८१ मध्ये इथंच प्रसारित झाला. त्यात हापूससारखा साका, म्हणजे आतला गर खराब होण्याचा दोष, होत नाही. रत्ना आणि हापूस यांचा पुन्हा संकर करून १९९२ मध्ये सिंधू आला, त्याची कोय कागदासारखी पातळ. कोकमात कोकण अमृता, काजूत वेंगुर्ला केंद्राच्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७. आंबा देठासकट अलगद उतरवायचा नूतन झेला इथलाच. परीक्षेसाठी हे पाठ करावंच लागतं. झाड बघून ठेवलं असेल तर पाठ करावं लागत नाही.

ज्याची मनापासून वाट बघावी असं एक प्रात्यक्षिक म्हणजे कोय कलम. पावसाळ्यातच करतात. आंब्याची कोय रुजून आलेलं, अजून तांबूस पानांचं, दोन-तीन आठवड्यांचं रोप घ्यायचं. त्याचा शेंडा छाटून खोडाला मधोमध उभी चीर द्यायची. जातिवंत झाडाची तेवढ्याच जाडीची काडी पाचरीसारखी दोन्ही बाजूंनी तासायची, आणि ती चिरेत अशी बसवायची की साल सालीला भिडेल. मग प्लास्टिकची पट्टी खालून वर घट्ट गुंडाळायची. सगळी गंमत चाकूत आहे. बोथट चाकूनं काडी चेचली जाते आणि कलम काळं पडून मरतं. म्हणून कलमाचा चांगला चाकू स्वतःचा घ्या, दगडावर धार लावायला शिका आणि तो कुणाला पेन्सिल तासायला देऊ नका. रोपवाटिकेत काम करणारे दादा-मावशी दिवसाला शेकडो कलमं बांधतात. प्राध्यापकांचं ऐकून झालं की त्यांच्या हाताकडं बघत तासभर उभे राहा. ते ओरडत नाहीत, उलट पट्टी कशी ओढायची ते हात धरून दाखवतात.

खेड रस्त्यावर वाकवलीला विद्यापीठाचं मध्यवर्ती संशोधन केंद्र आहे, तिथंही कधीतरी जावं लागेल. शेवटच्या वर्षी ‘रावे’ येतो, म्हणजे खेड्यात राहून शेतकऱ्याबरोबर काम. कृषीदूत आणि कृषीकन्या म्हणून वर्तमानपत्रात ज्यांचे फोटो येतात ती हीच मुलं. त्याची काळजी आता नको.

पायरी सातवी: आता समुद्र

पावसाळ्यात समुद्र बघायला जा, पाण्यात उतरू नका. एवढंच. पोहता येणारेही बुडाले आहेत.

ऑक्टोबरनंतर मुरुड, कर्दे, लाडघर, पाळंदे, आंजर्ले, कोळथरे, जिथं म्हणाल तिथं. जाण्याआधी कॅलेंडरवर तिथी बघा. कोळ्यांचा साधा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला साधारण सव्वाअकरा-बारा, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी एरवीपेक्षा बरंच वर येतं. मोटारसायकल वाळूत घालू नका. ओहोटीला कडक वाटलेली वाळू भरती लागली की चाक गिळते आणि खाऱ्या पाण्यानं इंजिनाचं जे होतं ते गॅरेजवाला बिल देताना सांगतो. ट्रॅक्टरनं गाडी ओढून काढायचा दर तर ट्रॅक्टरवाल्याच्या मनावर.

हर्णै पंधराएक किलोमीटरवर. संध्याकाळी चारच्या सुमारास तिथला मासळीचा लिलाव बघावा. मोठ्या बोटी आत उभ्या, छोट्या होड्यांतून माल किनाऱ्याला येतो, वाळूवर ढीग लागतात आणि बोली सुरू होते. नवख्याला आकडे कळत नाहीत, इतक्या भरभर बोलतात. ढिगाजवळ उभं राहून उगाच मान हलवू नका. किलोभर मासळी हवी असेल तर लिलावात न पडता बाजूला बसलेल्या मावशींकडून घ्या, थोड्या पैशात साफ करूनही मिळते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात ताज्या सुरमईची पाटी लावणाऱ्या हॉटेलात विचार करून बसा. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांतला हा एक. होडी पावसाळा सोडूनच. पन्हाळेकाजीला कोटजाई नदीकाठी २९ लेणी आहेत, तिथं शनिवार-रविवारसुद्धा गर्दी नसते.

शनिवार-रविवार, नाताळ आणि मे महिना हे पर्यटकांचे. आईवडील भेटायला येणार असतील तर त्यांना मधल्या वारी बोलवा. राहायला जागा मिळते आणि निम्म्या भावात मिळते.

पायरी आठवी: सुट्ट्या आणि घरी जाणं

गणपती आणि शिमगा हे कोकणचे खरे सण, दिवाळी त्यांच्यामागून. गणपतीत मुंबई रिकामी होऊन इकडं येते, तेव्हा रेल्वे आणि एसटीत पाय ठेवायला जागा नसते. तुमची दिशा उलटी असल्यामुळे जाताना जागा मिळते, येताना मुंबईकडून येणाऱ्या गर्दीत सापडता. विसर्जनानंतर नेमकं उलट. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. सुट्टीच्या तारखा कळल्या की त्याच दिवशी हिशेब मांडा. या दिवसांत मेसवाल्या मावशी, दुकानदार, रिक्षावाले सगळेच आपापल्या वाडीत असतात. सुट्टीत इथंच थांबणार असाल तर तांदूळ, डाळ, अंडी, बिस्किटं भरून ठेवा. कुणी गणपतीला घरी बोलावलं तर जा, आणि आरतीला शेवटपर्यंत थांबा. मधे उठून गेलेला पाहुणा वर्षभर लक्षात राहतो. शिमग्यात पालखी घरी येते तेव्हाही तसंच.

मे महिन्यात घरी जाताना प्रत्येकाला हापूसचं कलम न्यायचं असतं. विदर्भ-मराठवाड्यात हापूस लावून पस्तावलेले बरेच आहेत. झाड वाढतं, फळ कमी धरतं आणि चवही इथली येत नाही. त्याऐवजी केशर लावा, किंवा तुमच्या भागात रत्ना कसा येतो ते उद्यानविद्येच्या सरांना विचारून मग ठरवा. कलम विद्यापीठाच्या रोपवाटिकेतूनच घ्या, पावती आणि जातीची चिठ्ठी जपून ठेवा. मेच्या उन्हात नेण्यापेक्षा जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर न्यायची सोय होत असेल तर उत्तम. पिशवीला आदल्या दिवशी पाणी द्या, निघताना देऊ नका, नाहीतर माती सुटते. एसटीत पिशवी सीटखाली उभी ठेवा, टपावर टाकू नका, आणि कंडक्टरनं सामानाचं तिकीट मागितलं तर हुज्जत घालू नका.